बिस्किटची आंघोळ

जगात आंघोळीवाचूनही सुखाने जगणारे जीव असतात, ही गोष्ट आमच्या मेहुण्यांना ब्रह्मदेवालाही पटवता आली नसती. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. बँकेत हिशेब तपासण्यात आयुष्य गेल्यामुळे कुठेतरी मळ राहून गेलाय असा त्यांना कायमचा संशय. त्यांच्या मुलीला खरं तर फेरेट हवं होतं. मुंगसासारखं दिसणारं ते लांबुडकं जनावर पाळायला सिंगापुरात परवानगी नाही, म्हणून घरात गिनीपिग आला आणि त्याचं नाव बिस्किट पडलं. पुढे मुलगी मेलबर्नला शिकायला गेली. वहिनींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये उरले मेहुणे आणि बिस्किट.

आणि सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकाला, क्वीन्सटाउनमध्ये मी. दर रविवारी सकाळी फोन येई, "भावोजी, पाणी तापत ठेवलंय." नाही म्हणायची सोय नसे, कारण त्यांची बहीण माझ्या शेजारीच चहा पीत बसलेली असे. आठवडाभर वन-नॉर्थच्या ऑफिसात मान मोडून काम करायचं आणि रविवारी एमआरटीच्या गाड्या बदलत बदलत, शेवटी एलआरटी नावाच्या छोट्या रेल्वेच्या त्या खेळण्यातल्या डब्यातून गिनीपिगला धरायला जायचं, हे माझ्या पत्रिकेत लिहिलेलं असावं. मेहुणे कोपर बुडवून पाणी कितपत ऊन आहे ते बघत. तान्ह्या बाळाला घालावी तशी आंघोळ, मग पंच्याने टिपणं, मग हेअर ड्रायर दूर धरून वारा, मग दात घासायच्या मऊ ब्रशने पाठीवर मधोमध भांग. नखं कापताना मला हुकूम असे, "घट्ट धरा, पण आवळू नका. त्याला अपमान वाटता कामा नये." बिस्किट किंचाळून इमारत डोक्यावर घेई आणि न चुकता माझी पँट भिजवी. माझ्या अपमानाचा विषय कधी निघाला नाही. सगळं झालं की मेहुणे त्याचा फोटो काढून मुलीला पाठवीत आणि फोन पालथा न घालता टेबलावर समोर ठेवीत.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला मी पोचलो तर पाटाभोवती रांगोळी आणि वाटीत कोमट तेल. मी म्हटलं, "तेल नको." मेहुणे म्हणाले, "तुम्ही इंजिनियर लोक. तुम्हाला तेल म्हणजे मशीनचंच ठाऊक. सणाला कोरडं ठेवायचं का त्याला?" तेल लागलं, उटणं लागलं, आणि मग ते काही केल्या निघेना. पाण्यावर पाणी ओतून बिस्किटचा पार भिजका बोळा झाला. दुसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं.

प्राण्यांची तरुण चिनी डॉक्टरीण थकलेल्या आवाजात, सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, व्हाय यू पुट ऑइल? धिस वन डोन्ट नीड बाथ, लाह. ही क्लीन हिमसेल्फ." खाल्लं नाही तर जगणार नाही, हेही तिने सांगितलं. कधी रजा न घेणाऱ्या मेहुण्यांनी रजा घेतली आणि ते सिरिंजने त्याला पातळ खाणं भरवत बसले. मी ऑफिस सुटल्यावर गेलो तर दाढी वाढलेली, मांडीवर पंच्यात गुंडाळलेलं बिस्किट. मी जरा वैतागूनच विचारलं, "कशाला हो एवढ्या आंघोळी घालत होतात?"

"आंघोळीचा फोटो पाठवला की ती उत्तर देते, भावोजी," ते म्हणाले. "जेवलीस का विचारलं तर देत नाही. हा गेला तर मी तिला काय पाठवू?"

या माणसाचा मला किती कंटाळा आला होता. त्या संध्याकाळी मला त्यांची फार माया वाटली, आणि ती कशी दाखवायची हे न कळल्यामुळे मी सिरिंज धुऊन आणली.

बिस्किट वाचलं. आंघोळ मात्र कायमची बंद झाली. पुढच्या रविवारी फोन आला नाही, तरी मी गेलो. बिस्किट कोथिंबीर खात होतं. मेहुणे हात मांडीवर ठेवून नुसते बसले होते. दुपारी मुलीचाच फोन आला.

"बाबा, व्हाय नो फोटो टुडे? बिस्किट ओके?"

"ओके आहे. खातोय."

"अँड यू? तू ओके आहेस ना, बाबा?"

 मेहुण्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुम्हीच सांगा, भावोजी," म्हणाले, आणि तोंड धुवायला आत गेले.