नानांनी पाठवणी केलेल्या फिन

चाकणच्या आमच्या वर्कशॉपमध्ये नाना तापकीर प्रत्येक फिनची पाठवणी करत. फिन म्हणजे क्षेपणास्त्राच्या शेपटाकडचा पंख. मोजमापं मी घ्यायची. नाना शेवटी कडेवरून अंगठा फिरवत, कापडानं पुसत आणि पेटीत ठेवताना म्हणत, "जा बाई, सुखानं नांद."

एकदा मी चेष्टेनं विचारलं, "सासर कुठलं हो नाना?"

"त्ये इचारायचं न्हाई, ताई. कंपनीचा नियम हाय."

सासर सगळ्यांनाच ठाऊक होतं. हे क्षेपणास्त्र जहाजं बुडवणारं. युद्धनौकेवरून सुटतं, किनाऱ्यावरच्या ट्रकवरूनही. शेवटी लाटांच्या अगदी वरून आवाजापेक्षा जास्त वेगानं येतं, त्यामुळे समोरच्याला सावरायला वेळच मिळत नाही. नानांना या कामाचा कोण अभिमान! खंडेनवमीला पहिलं हळदकुंकू फिनच्या पेटीला लागायचं.

त्यांचा मुलगा महेश मालवाहू जहाजावर नोकरीला होता. एका सकाळी बातमी आली की त्याच्याच मार्गावर किनाऱ्यावरून सुटलेलं क्षेपणास्त्र एका जहाजाला लागलं. महेशचा फोन लागेना. नाना तरीही शिफ्टला आले.

"ताई, म्होरं कुणाचं जहाज हाय त्ये त्या क्षेपणास्त्राला दिसतं का?"

"शेवटी त्याचं रडार चालू होतं, नाना. जहाज आहे एवढं कळतं. आत कोण आहे ते नाही कळत." मग घाईघाईनं म्हटलं, "पण ते आपलं नव्हतं. आपलं फक्त आपल्या नौदलाकडे आणि एका मित्रदेशाकडे आहे."

"फिन तर त्याला बी आसंल की," नाना म्हणाले. "कुणीतरी आसंच पुसून धाडली आसंल."

त्या दिवशी एक फिन टेबलावरच राहिली. सुपरवायझरनं दोष विचारला. "दोष कायबी न्हाई," एवढंच म्हणून नाना हात धुवायला गेले. शेवटी पेटीत मीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी महेशचा फोन आला. तो सुखरूप होता. क्षेपणास्त्र लागलं ते त्याच्या मागच्या जहाजाला. वर्कशॉपमधल्या पोरांनी पेढे मागितले.

"मागल्या जहाजावर दोघं गेली रं," नाना म्हणाले. "पेढं कुठल्या तोंडानं वाटू?"

पुढच्या महिन्यात त्यांनी काम सोडलं आणि पुतण्याच्या ट्रॅक्टरच्या गॅरेजात बसू लागले. मला रागच आला. म्हटलं, "नाना, शत्रूकडे असतं, मग आपल्याकडे नको?"

"पायजेच की. मी कुठं नको म्हनतो? तुमी करा, ताई. माझ्याच्यानं आता हुईना."

त्यांची जागा मला मिळाली, पगारही वाढला. काम चोख होतं, कुणाची तक्रार नाही. महेश पुन्हा जहाजावर गेलाय. घरी जेवताना बातम्या लागल्या की मी उठून टीव्ही बंद करते. नवरा कारण विचारतो. डोकं दुखतंय म्हणते.