हद्दवाले काका

आमच्या सासऱ्यांना कुणी पत्ता विचारला की ते चतुःसीमा सांगत. मनीषनगरच्या अगदी टोकाला आमचं ले-आउट, म्हणजे प्लॉट पाडून झालेली वसाहत. सिलिंडरवाल्याचा फोन आला की बाबा खुर्चीतून उठून उभे राहत आणि सुरू करत, "उत्तरेले नाला, पूर्वेले रेल्वे लाइन, दक्षिणेले पाण्याची टाकी, पश्चिमेले देशकरांची भिंत. मधात आम्ही." समोरचा माणूस टाकी ऐकेपर्यंत फोन ठेवून देई. बाबा मला म्हणत, "पाह्य बरं, लोकाइले आपण कुठं उभे आहो तेच माहीत नसते." गल्लीने त्यांचं नाव हद्दवाले काका ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि मला वाटतं, आवडतही होतं.

मूळचे ते भिवापूरचे. सगळी नोकरी विम्याच्या कचेरीत गेली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शन करतात, बागेत जाऊन जोरजोरात हसतात. बाबांनी प्रभागरचना धरली. महापालिकेत नवा कच्चा नकाशा लागला की डबा घेऊन जात आणि दिवसभर त्याच्यासमोर उभे राहत. संध्याकाळी जेवताना तो नकाशा ताटात उतरे. भात म्हणजे प्रभाग, वरणाचा ओघळ म्हणजे नाला. "सूनबाई, इकडच्या डोंगरभर भाताले जेवढे नगरसेवक, तेवढेच तिकडच्या मुठीभर भाताले. मत सगळ्याइले एकच आहे, पण वजन सारखं नाही. हे कसं चालन?" मी म्हणे, "बाबा, भात गार होऊन राहिला." ते हसत आणि अख्खा प्रभाग कालवून खाऊन टाकत.

या वेडाला कारण होती नाल्यापलीकडची वस्ती. तिच्या मधून एक सिमेंटचा रस्ता जातो आणि दोन प्रभागांची हद्द त्याच रस्त्यावरून आखलेली. अर्धी वस्ती आमच्या प्रभागाचं शेपूट, अर्धी दुसऱ्या प्रभागाचं. दर रविवारी बाबा गहू दळायला तिथल्या रेखाबाईंच्या गिरणीत जात. दळण ही सबब. खरं काम गप्पांचं. रेखाबाईंच्या दारासमोर नळाची लाइन येऊन थांबली होती. त्या सांगत, "काका, आमच्या दारापुढं नगरसेवक बदलते. याले म्हटलं तर तो म्हणते त्याले सांगा, त्याले म्हटलं तर तो म्हणते याले सांगा. आम्ही हंडा घेऊन मधातच उभ्या." बाबा पीठ आणि हे बोलणं, दोन्ही घेऊन घरी येत. पीठ आम्ही संपवत होतो, बोलणं त्यांच्यापाशी साठत होतं.

निवडणुका लांबत लांबत गेल्या आणि अखेर नवी प्रभागरचना आली. नकाशात वस्ती पुन्हा दोन तुकडे. बाबांनी हरकत टाकली. सुनावणीला मीच त्यांना स्कूटरवर घेऊन गेले. त्यांनी लग्नाला घालायचा शर्ट घातला होता. आत पन्नासेक माणसं, बहुतेक पुढाऱ्यांची, आणि जो तो आपली गल्ली वाचवायला आलेला. बाबांचा नंबर आला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "साहेब, वस्ती अख्खी आमच्या प्रभागात घ्या."

अधिकारी थकलेला होता, पण चांगला होता. म्हणाला, "काका, मग लोकसंख्या जास्त होते. तेवढी दुसरीकडून कमी करावी लागेल."

"मग आमचं ले-आउट काढा. रेल्वे लाइनीपलीकडच्या प्रभागात टाका. जमते, मी पाहिलं."

"तुम्ही राहता कुठे?"

"त्याच ले-आउटमधी."

अधिकाऱ्याने पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मागच्या बाकावर मला शेजारच्या देशकर काकू आठवल्या. दर पावसाळ्यात त्यांच्या घरात घोटाभर पाणी शिरतं. दिवाणाचे पाय विटांवर चढवून ठेवलेले. पावसाळी नालीसाठी ही बाई कितीतरी वर्षं नगरसेवकाच्या ऑफिसात खेटे घालत होती. आत्ताच कुठे काम मंजूर होऊन गल्लीच्या तोंडाशी पाइप येऊन पडले होते. प्रभाग बदलला की तेही जाणार.

परत येताना सिग्नलला मी विचारलं, "बाबा, काकूंना विचारलं होतं का?"

"नाही."

"काहून?"

"विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या," बाबा म्हणाले. "त्याहीनं नाही म्हटल्यावर मी कोणत्या तोंडानं इथं आलो असतो?"

हिरवा दिवा लागला आणि मागच्याने हॉर्न दिला.

अंतिम रचना आली ती बाबांनी सांगितली तशीच. वस्ती अख्खी झाली आणि आम्ही रेल्वे लाइनीपलीकडच्या प्रभागाच्या काठावर जाऊन पडलो. बाबांनी त्या दिवशी पेढे आणले, पण वाटले मात्र घरातच. महिनाभरात जुन्या नगरसेवकाची माणसं ट्रक घेऊन आली आणि पाइप उचलून घेऊन गेली. देशकर काकू फाटकात उभ्या राहून पाहत होत्या. बाबा गेले आणि म्हणाले, "वहिनी, हे माझ्यामुळं झालं." काकूंनी "माहीत आहे" एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्या पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा बाबा बादली घेऊन गेले. दार उघडलं नाही. ते बाहेरच्या पायरीवरचं पाणी उपसत राहिले, अर्थात त्याचा काही उपयोग नव्हता. गल्लीत हद्दवाले काका म्हणणंही बंद झालं. कोणी काहीच म्हणेना.

थंडी पडायला लागली तेव्हा ते गेले. रामदासपेठेतल्या दवाखान्यात तीन रात्री होते, चौथ्या सकाळी नव्हते. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मी चहा किती जणांचा टाकायचा ते विचारत होते. मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही नीट वाटत नाही. दात काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला उरत नाही, तसं काहीतरी झालेलं आहे. तेरवीला वस्तीतून पुष्कळ माणसं आली. रेखाबाई फोटोपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "यंदा दोन्ही पार्ट्याइचे लोक आमच्याच दारी मत मागाले येऊन राहिले, काका." देशकरांकडून कुणी आलं नाही. त्याचंही मला काही वाटलं नाही.

मतदानाच्या दिवशी आमचं केंद्र लाइनीपलीकडच्या शाळेत होतं. मी ऑटो थांबवला तेव्हा काकू फाटकात उभ्या होत्या. गुडघ्यांमुळे त्यांना तेवढं चालवत नाही. मी सरकून जागा केली आणि त्या बसल्या. वाटभर दोघी आपापल्या बाजूने बाहेर पाहत होतो.

शाळा अनोळखी, रांगेतली माणसं अनोळखी. मी काकूंच्या मागे उभी होते. बऱ्याच वेळाने, मागे न वळताच, त्या म्हणाल्या, "पायरीवरचं पाणी उपसत होते तेव्हा मी दाराच्या आतच उभी होती."

मी म्हणाले, "हो."

"वस्तीचं केलं ते चांगलंच केलं त्याहीनं. तिथल्या बाया पाण्यासाठी कशा भांडतात, मले माहीत नाही का वं?"

रांग सरकली. दारातल्या पोलिसाने पर्स उघडायला सांगितली. काकूंनी उघडून दाखवली, बंद केली आणि तिथेच थांबल्या.

"साऱ्या गावाच्या मताचं वजन करत फिरले," त्या म्हणाल्या. "मले एकदा विचारलं असतं. मी हो म्हटलं असतं."

आतून पुढच्या मतदाराला हाक आली आणि त्या आत गेल्या.