मामांची पोटदुखी

शहादा तालुक्यात ज्याचं लग्न व्हायचं राहिलं असेल, त्याची एक तर मामांशी अजून ओळख झालेली नाही, किंवा तो माणूस म्हणजे स्वतः मामाच आहेत. आईचे हे थोरले भाऊ. लोणखेड्याच्या पुढे त्यांचं गाव, केळी आणि पपईची शेती आणि सोयरिकी जुळवण्याचं अखंड व्रत. शेती ते सवड मिळाली तर करतात. स्वतः मात्र सत्तरी ओलांडली तरी ब्रह्मचारी. कोणी डिवचलंच तर टोपी जरा मागे सरकवून म्हणायचे, "मन्ही सोयरीक लावनारा मधला मानूसच भेटना नही!" हा विनोद मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यावर मंडपातले लोक दर वेळी नव्याने हसायचे आणि मामा हसणाऱ्यांपैकी एखाद्याचा मुलगा लग्नाचा आहे का, याची त्याच वेळी चौकशी करून घ्यायचे.

स्थळ पाहायला गेले की मामा आधी घरात जात नाहीत, गोठ्यात जातात. ज्या घरची म्हैस माणूस दिसल्यावर बिचकते त्या घरात मुलगी द्यायची नाही, हा त्यांचा कायदा. सोफ्यावर बसत नाहीत, खाट मागतात. पोहे पुढे आले की घरातल्या सुनेला हाक मारून "तू खादं का?" असं विचारतात आणि ती काय म्हणते यापेक्षा सासूच्या चेहऱ्याकडे बघतात. वाहन त्यांना येत नाही, त्यामुळे कोणाच्या ना कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांचा कारभार चालतो. मोबाइल आल्यापासून मुलामुलींचे फोटो आणि केळीचे घड एकाच ठिकाणी नांदू लागले. एकदा त्यांनी मुलीच्या बापाला घडाचा फोटो पाठवला, खाली "माल तयार शे", आणि केळीच्या व्यापाऱ्याला नवरदेवाचा. बापाचं समाधान करता करता नाकी नऊ आले. व्यापाऱ्याने मात्र थंडपणे भाव विचारला होता.

पण मामांचा खरा लौकिक निराळ्याच गोष्टीसाठी होता. बोलणी कितीही पुढे गेली, सुपारी फोडायला बसले, तरी मामा एकदा उठणार, मुलीला परसात नेणार आणि एकटीला विचारणार, "बेटा, तुन्हं मन शे का?" तिने मान डोलावली तर परत येऊन सुपारी फोडा म्हणायचं. ती नुसती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली, तर मामा परत यायचे ते पोट धरूनच. "मन्हं पोट दुखी ऱ्हायनं, आज ऱ्हाऊ द्या." मग पुढे चार दिवसांनी निरोप जायचा की दोन्ही घरांचं देवक एकच निघालं, मामांच्याच लक्षात आलं नव्हतं, चूक मामांची. मुलीला कसलाही बोल लागत नसे. मामांचं पोट मात्र साऱ्या तालुक्यात बदनाम झालं. खांडबाऱ्याला तर नवऱ्या मुलाचा काका डॉक्टर निघाला. त्याने मामांना तिथल्या तिथे आडवं पाडून इंजेक्शन दिलं. मामांनी एका अनोळखी मुलीच्या नकारासाठी ते मुकाट घेतलं आणि परतीच्या गाडीत उभ्यानेच प्रवास केला.

एवढा जगाला विचारणारा माणूस, पण मला त्याने कधी विचारलं नाही. मी घरची, एकुलत्या एका बहिणीची एकुलती एक मुलगी. मला बोहल्यावर न्यायचं म्हणून त्यांनी एक फेटा कधीपासून घेऊन ठेवला होता. घरच्या मुलीचं मन ते काय विचारायचं, ते आपल्याला ठाऊकच आहे, असा त्यांचा समज. मी धडगावला एका सरकारी कार्यालयात नोकरी करते, घाटातल्या जीपगाड्यांमुळे माझी हाडं खिळखिळी झाली असली तरी डोकं शाबूत आहे, आणि मला लग्न करायचं नव्हतं. कोणाशीच नव्हतं. हे मी घरी नाना प्रकारे सांगून पाहिलं होतं. आई म्हणायची, सगळ्याच मुली आधी असं म्हणतात.

अखेर सुरतेला नोकरी करणारा एक मुलगा मामांनी आणला. मुलगा चांगला होता. त्यांच्या गोठ्यातली म्हैससुद्धा प्रेमळ होती म्हणे. मंडळी आली, सुपारी आली, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून माझं उरलेलं आयुष्य समोरच्या खोलीत ठरताना ऐकत होते. शेवटी मीच दाराशी गेले आणि मामांना खूण केली. परसातल्या शेवग्याखाली उभं राहून म्हटलं, "मामा, साऱ्या तालुक्याच्या पोरींना विचारता. मला विचारा ना." मामा गोंधळले. मग टोपी सरळ केली आणि परक्या मुलीला विचारावं तसं अदबीने म्हणाले, "बेटा, तुन्हं मन शे का?" मी म्हटलं, "नाही." ते माझ्याकडे बघत राहिले. मग पोटावर हात ठेवून आत गेले.

पाहुणे गेल्यावर मामा माझ्यासमोर मांडी ठोकून बसले. "आते सांग. पोट मन्हं दुखनं, ते कसाले दुखनं ते माले समजाले पाहिजे." मी म्हटलं, सांगते, पण घाईत नाही. आणि तिथून मामांचं शिक्षण सुरू झालं.

माझ्या सुटीच्या दिवशी मामा घाट चढून धडगावला यायचे. पिशवीत पपई, तोंडात प्रश्न. मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की हे प्रश्नच वेगवेगळे आहेत. आपण स्वतःला आतून कोण समजतो, बाई, पुरुष, की या दोन्हींत न बसणारं काही, ही झाली लिंगओळख. आपलं शरीर कोणाकडे ओढलं जातं, तो लैंगिक कल. आणि मन कोणाच्या प्रेमात पडतं, तो प्रेमाचा कल. बहुतेकांची शेवटची दोन एकाच वाटेने जातात, पण गेलीच पाहिजेत असं नाही. मामांनी मान हलवत ऐकून घेतलं आणि एकदम कपाळावर हात मारला. "आपू बायोडाटामा उंची लिखतस, रंग लिखतस, मामानं गाव लिखतस. आनि हाई लिखतच नही!" जन्मभर आपण अर्धवट माहितीवर लग्नं लावली, या विचाराने त्यांचं त्या दिवशी जेवणात लक्ष नव्हतं.

पारलिंगी, म्हणजे जन्मतः मुलगा म्हटलं गेलं तरी आतून मुलगी असलेली व्यक्ती किंवा त्याच्या उलट, हा शब्द समजावला तेव्हा मात्र त्यांना एक जुनी आठवण आली. त्यांच्या वर्गात एक मुलगा होता, बहिणीची ओढणी घेऊन शाळेत यायचा. गावाने इतकं छळलं की तो गाव सोडून गेला. "तो कोठे गया, कोन्हालेच मालूम नही," मामा म्हणाले, आणि मग जरा थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं, "ती कोठे गयी व्हई?" मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

उजळणी मात्र ते जीपमध्ये करायचे. घाटात, दाटीवाटीने बसलेल्या माणसांत, फोन कानाला लावून आणि आवाज सातपुड्यापलीकडे जाईल असा. "म्हनजे उभयलैंगिक मानूसले बाईबी आवडू शकस आनि मानूसबी, बरोबर?" एकदा असं विचारताना ऐन वळणावर ड्रायव्हरनेच मान वळवून मागे पाहिलं आणि विचारलं, "बाबा, हाई कोनता गावनी गोट शे?" मामांनी ती गोष्ट सगळ्याच गावांची करून टाकली, "बठ्ठा गावस्नी. तू पुढे देख." उरलेल्या घाटात त्यांनी सगळ्या जीपला समजावून सांगितलं. त्यातली एक म्हातारी उतरताना त्यांना दोन सीताफळं देऊन गेली. तिला किती कळलं देव जाणे, पण वक्ता तिला आवडला असावा.

पुढे एकदा मामा भलतेच खुशीत आले. आधीच्या खेपेला शेवटची जीप सुटायच्या घाईत आमचा पाठ समलिंगी या शब्दाशी थांबला होता. मामांनी मधल्या काळात त्यावर चिंतन केलं होतं, आणि चिंतनाचं त्यांच्याकडे एकच फळ निघतं. पाणीही न पिता ते म्हणाले, "पोर देखीसन उनू. मास्तरीन शे. कुळ येगळं शे. गोठा झाडेल-पुसेल शे." मला आधी कळेना. कळलं तेव्हा मी जमिनीवर बसून हसले. माझ्या मामांनी माझ्यासाठी मुलगी पाहिली होती! रीतसर, कुळाबिळासकट, आणि ती आपल्यातलीच असावी याची काळजी घेऊन. तिला मुली आवडतात हे कशावरून, तर "तीबी कोन्हालेच हा म्हनत नही" यावरून. मी धास्तावून विचारलं, "तिच्या घरी बोललात?" मामांना राग आला. "पहिले तुले इचारं नही तं तठे कसा बोलू?" त्यांचा कायदा शाबूत होता. तिकडे नुसती म्हैस बघून आले होते. नकार देणारी प्रत्येक मुलगी अमुकच असते असं नाही, आणि कोण काय आहे हे आपण ओळखायचं नसतं, त्यांनी सांगितलं तर ऐकायचं असतं, हे मी त्यांना सांगितलं.

मग मी खरं सांगितलं. "मामा, मला मुलगा नको तशी मुलगीही नको. मला कोणाचीच तशी ओढ वाटत नाही. शरीराची नाही, त्याला अलैंगिक म्हणतात. काहींना प्रेमात पडायला होतं, मला तेही होत नाही. त्यालाही शब्द आहे, अरोमँटिक." मामांचा चेहरा पडला. ज्या माणसाने आयुष्यभर जोड्या लावल्या त्याला हे सगळ्यात जड. "कोन्हीच नही?" "नाही." "माया?" "माया भरपूर आहे की. तुमच्यावर नाही का?" "एकलं वाटत नही?" "वाटतं कधी. लग्न झालेल्यांनाही वाटतं." मामा पपईची एकेक बी वेगळी करत बसले. मग हळूच म्हणाले, "हाई म्हातारपनमाबी ऱ्हास का?" मी म्हटलं, असतं. "परत सांग तो शब्द." मी सांगितला. त्यांनी तो तोंडातल्या तोंडात घोळवला आणि त्या दिवशी जीपमध्ये उजळणी केली नाही.

इकडे घरी सुरतेची मंडळी पुन्हा यायला तयार होती. मामांचं पोट बरं झालं का, अशी विचारणा झाली होती. वडील आईवर सोपवून मोकळे झाले होते आणि आईने दिवस ठरवला होता. मी रजा टाकून घरी गेले ती मार खायला जावं तशी. मामा माझ्या आधी येऊन ओट्यावर बसले होते. आई म्हणाली, "भाऊ, यावखत पोट सांभाळ." मामांचा हात सवयीने पोटाकडे गेला. मग त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "यावखत मन्हं पोट दुखत नही. पोरनं मन नही, म्हनीसन हाई लगीन व्हनार नही. त्यास्ले मी तसंच सांगसू."

आई रडली, चिडली, पुन्हा रडली. "एकली कशी ऱ्हाई ती?"

"मी ऱ्हायनूच ना."

"तुन्ही गोट येगळी भाऊ! तुले कोन्ही भेटनीच नही."

मामांना त्यांचा तो नेहमीचा विनोदही आठवला नाही. उठून परसात गेले.

मी मागे गेले. शेवग्याखाली ते पाठमोरे उभे होते. अशा किती परसांत किती मुलींना त्यांनी असं उभं केलं असेल. त्यांच्यासमोर जाऊन मी त्यांच्याच बोलीत विचारलं, "मामा, तुमनं मन व्हतं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वहाणेतला अंगठा मातीत रुतला. सत्तरीचा माणूस माती उकरत उभा राहिला.

"मन्हाकरता पोर देखाले जाऊत," ते म्हणाले, "तव्हय मन्हं पोट दुखे. खरंखुरं दुखे, बेटा. बठ्ठा म्हनेत, पोऱ्यानं पोट कच्चं शे. दवा देत. इचारं कोन्हीच नही."

मला रडू आलं. त्यांनीच माझे डोळे पुसले, उपरण्याच्या टोकाने, जरा खरखरीतच. मग स्वतःचे.

सुरतेच्या मंडळींना त्यांनी निरोप दिला, आणि त्या मुलाचं दुसरीकडे चार महिन्यांत जमवूनही दिलं. तिथेही परसात गेले. आता मुलांनाही बाजूला घेतात, आणि विचारून झालं की जरा घुटमळून म्हणतात, "कोन्हीच नको व्हई, तरी सांगजो." माझ्या लग्नासाठी ठेवलेला फेटा ते हल्ली प्रत्येक मांडवात बांधतात. त्यात ते रुबाबदार दिसतात. मांडवात कोणी त्यांच्या लग्नाचं काढलंच, तर मधला माणूस भेटला नाही असं म्हणत नाहीत. गर्दीत मला शोधतात आणि होकाराची मान डोलावून म्हणतात, "भेटना. जरा उशीर व्हयना, इतलंच."