ट्रेसिंगचा कागद

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा बसायचा. आम्ही त्याला रेघोट्या म्हणायचो आणि तो खुशाल ओ द्यायचा. त्याची एक रेघ वाकडी दाखवा, अशी पैजच होती. कुणाला दाखवता आली नाही.

शहराला बंदूकवाल्यांचा वेढा पडला, तेव्हा त्याच्या घरी रोज एकच वाद. थोरला भाऊ शाळेत मास्तर.

"परकं सैन्य पाहुण्यासारखं येतं आणि घरमालकासारखं राहतं," मास्तर म्हणायचे.

"आणि इथे रोज माणसं मरतायत ती, दादा? जीव वाचवायला यावं, मुदत आधी ठरवावी, मुदतीत निघून जावं. एवढं पाळणार असतील तर मी पायघड्या घालीन."

"मुदत ठरवणार कोण? तू?"

"दोघं मिळून ठरवा," वहिनी म्हणायची, "पण ताटं गार होतायत."

मला विचाराल तर दोघंही बरोबर होते, आणि त्याचाच मला आजही संताप येतो.

सैन्य आलं. विमानं सोडण्याआधी त्यांनी शहाणपणानं आमच्याकडे विचारणा केली, की कुठे बॉम्ब टाकायचे नाहीत ते दाखवा. रेघोट्याचा ऊर भरून आला. आम्ही दोघांनी कपाट उघडून मूळ नकाशा काढून दिला.

आता मूळ नकाशाला पेन लावायचं नाही, हा आमच्याकडे साहेबांच्या साहेबांपासूनचा दंडक. काही बदललं की ते पारदर्शक ट्रेसिंगच्या कागदावर काढायचं आणि तो कागद वर ठेवूनच नकाशा वाचायचा. हे कागद खालच्या खणात. आम्हाला सगळं इतकं पाठ, की कागद नसला तरी त्यावरचं नवं पंपघर दिसायचंच. घाईत तो खण उघडायचं ना त्याला सुचलं, ना मला.

मूळ नकाशावर होतं जुनं पंपघर, आठ वर्षं बंद पडलेलं. त्याला त्यांनी ओरखडाही येऊ दिला नाही. नवं त्यांना गोदाम वाटलं. मागे बंदूकवाल्यांच्या गाड्या उभ्या होत्या, म्हणून त्यावर बॉम्ब टाकले. सकाळी तिथे पाण्याच्या रांगेत असलेली एकोणीस माणसं गेली. त्यांत मास्तर होते.

वेढा उठला, हेही खरं. हजारो वाचले, मीही वाचलो. परक्या अधिकाऱ्यानं अहवालात लिहिलं, की मोहीम नकाशाबरहुकूम पार पडली.

रेघोट्यानं परक्यांच्या बाजूनं वाद घालणं सोडलं. वहिनी परक्यांना शिव्यांची लाखोली वाहायची आणि हा मान खाली घालून ऐकायचा. "तिला सांगायला हवं रे," मला म्हणायचा, "तिच्या हातचा घास घशाखाली उतरत नाही." दोन वर्षं हेच म्हणत तो वाळत गेला. शेवटी एका दुपारी मला सोबत घेऊन तो तिच्यासमोर बसला. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"वहिनी, त्या नकाशाचं सांगायचंय. तो मी..."

"माहीत आहे मला." तिचे हात थांबले नाहीत. "तुम्ही वाद घालायचे थांबलात, पण त्यांना एक शिवीही घातली नाहीत, तेव्हाच कळलं. पण तोंडानं बोलू नका, भाऊजी. शिव्या घालायला मला कुणीतरी लांबचं लागतं. तिथे तुम्हाला बसवलं, तर मी कुणाच्या तोंडाकडे बघून जगू?"

तो गप्प बसला. त्याला नऊ वर्षं झाली. अजून गप्पच आहे.