चिंचेखालून आलेला कोड

कशेळ्याजवळच्या त्या वाडीत अंबूबाईच्या आवाजाला तोड नव्हती. ओढ्यापलीकडे गेलेली म्हैससुद्धा तिच्या एका हाकेत मुकाट घरी यायची. पण या आवाजावर कधी कुणाची नोकरी चालेल, असं खुद्द अंबूबाईलाही वाटलं नव्हतं.

तिची सून हर्षला साजगावच्या एका कारखान्याचं काम घरी बसून करायची. कॉम्प्युटर कारखान्यातच, त्याचा पडदा तेवढा इथे लॅपटॉपवर उघडायचा. इंटरनेटची वायर घरात आली होती, पण पडदा उघडण्याचा सहा आकडी कोड मोबाईलवर यायचा आणि मोबाईलला रेंज फक्त बांधावरच्या चिंचेखाली. कोड टिकायचा मिनिटभर. म्हणून रोज सकाळी अंबूबाई मोबाईल घेऊन चिंचेखाली उभी राही आणि तिथून ओरडे. जन्मभर भात मोजलेली बाई. एकाला ‘एक’ न म्हणता मोजणीतल्यासारखं ‘लाभ’च म्हणे. “चार, लाभ, नऊ, नऊ, लाभ, दोन गं!” अख्खी वाडी ऐकायची.

हौस होतीच, पण धास्ती जास्त. घरून काम बंद झालं की हर्षला लेकीला घेऊन कारखान्याजवळ खोपोलीत खोली करणार होती, आणि नातीशिवाय अंबूबाईला घास उतरला नसता.

एका सकाळी हर्षलानं पासवर्ड टाकून कोड मागवला, तेवढ्यात कारखान्याच्या कॉम्प्युटरांची सुरक्षा बघणारे विकास साहेब व्हिडिओ कॉलवर आले.

“कोड तुमच्याशिवाय कुणाला कळत नाही ना?”

हर्षला “नाही” म्हणाली आणि त्याच क्षणी खिडकीतून आलं, “पाच, लाभ, तीन...”

“हे कोण?”

“सासूबाई.”

“मग घरून काम आजपासून बंद.”

अंबूबाई धापा टाकत आत आली, तर सुनेच्या डोळ्यांत पाणी.

“काय आजी, पासवर्डही असाच ओरडता का?” साहेब कडाडले.

“तो सांगती कुठं मला!” अंबूबाईच्या पोटात कधीचं साठलेलं बाहेर पडलं. “विनवन्या केल्या, नातीची शपथ घातली, दोन दीस जेवले नाय, तरी सांगितला नाय. सासूला परकी समजती! तुमीच सांगा जरा तिला!”

साहेब बराच वेळ हसत राहिले.

“दोन दिवस उपाशी सासू समोर बसलेली असताना आमच्या ऑफिसातला एकही माणूस टिकला नसता,” ते म्हणाले. “घरूनच करा काम. कोड दाखवणारं छोटं यंत्र पाठवतो, त्याला रेंज लागत नाही.”

अंबूबाईनं नातीला उचलून छातीशी धरलं. तिला रडूच आलं. मग पदरानं नाक पुसत तिनं हळूच विचारलं, “मंग आता तरी सांगशील का गं?”

“नाय, आई.”