काकांच्या बुटक्या बंदुकीची दुरुस्ती

घरातली मोडकी वस्तू लगेच दुरुस्त झाली, तर तिची गोष्ट होत नाही. पण ती कशी दुरुस्त करायची यावर चार जणांचं मत घेतलं, की किश्शांना तोटा नाही! नव्वदीच्या दशकात तंजावुरात घरोघर केबल आली, फोन आले. आमचं घर मात्र एका बंदुकीपाशी अडून बसलं होतं.

बंदूक आजोबांची. जुनी लष्करी रायफल, घोडा ओढला तरी काही उडत नाही. पण खंडेनवमीला देवापुढचा मान तिचाच! तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, कुणीतरी चांगला चार बोटं कापून टाकलेला. "कुण्या गाढवानं कापली?" हा काकांचा कायमचा प्रश्न. वीजखात्यातून रिटायर झाल्यावर त्यांनी एकच ध्यास घेतला. बाबांची बंदूक बाबांच्या वेळेसारखी पुरी करून देवापुढे ठेवायची.

*

हा ध्यास लागला पोलीस ठाण्यात. तेव्हा निवडणुका सारख्या यायच्या, आणि निवडणूक आली की परवान्याची बंदूक जमा करायची. न उडणारीसुद्धा! एकदा काका ती परत आणायला गेले, मी स्कूटर घेऊन सोबत. कपाटात नाही, कोपऱ्यात नाही. शेवटी सापडली खिडकीत. खिडकीची झडप वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकू लावलेली!

हवालदार खुशीत म्हणाला, "सार, बाकीच्या सगळ्या लांब पडतात. ही बरोबर बसते!"

घरी पोचेपर्यंत काकांनी ठरवून टाकलं, दस्ता पुरा करायचा.

*

काकांचा मुलगा पांडू बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्यानं जुन्या बंदुकांवरच्या, इंटरनेटवरून छापलेल्या कागदांचा गठ्ठा कुरियरनं पाठवला, आणि मागोमाग फोन.

"बाबा, अँटिक आहे ती! कुणाला हात लावूं देऊं नका!"

"अय्यो! हात न लावतां रिपेर कसं करायचं रे?"

"ओरिजिनल ठेवा म्हणतों!"

"ओरिजिनल म्हणजे कापल्याआधींची, कीं कापल्यानंतरची?"

एसटीडीचं मीटर पळत होतं, म्हणून पांडूनंच फोन ठेवला.

*

मग प्रश्न आला मापाचा. दस्ता लांब करायचा, पण किती? लष्करातून आलेल्या एका शेजाऱ्यानं सांगितलं, दस्ता कोपराच्या खोबणीत धरला की बोट घोड्यावर पोचलं पाहिजे. झालं! येईल त्याचा हात मोजायला सुरुवात. दूधवाल्याचासुद्धा! प्रत्येकाचं माप वेगळं.

काका म्हणाले, "बाबांचा हात पाहिजे." आता वारलेल्या आजोबांचा हात कुठून आणायचा? मला वाटलं, सुटलो. पण काकांनी पेटीतून आजोबांचा कोट काढला. बाहीवरून हाताचं माप! आम्ही टेप घेऊन बसलो, आकडा आला, सगळे खूश. तेवढ्यात काकू आतून डोकावली.

"तो कोट कशाला मापतां? तुमच्या लग्नांत तुम्हींच त्याच्या बाह्या कापून घेतल्या न्हवं?"

मी टेप गुंडाळून स्कूटर काढली.

*

शेवटी अंदाजानं माप ठरलं. लाकूडकाम द्यायचं कुणाला? तंजावुरात फणसाच्या लाकडाचं सुरेख काम करावं ते वीणा घडवणाऱ्या आसारींनीच, म्हणजे तिथल्या सुतारांनीच. काकांनी ओळखीच्या आसारीला बोलावलं. त्यानं जुन्या दस्त्यावर टिचकी मारली, कान लावला, तोंड वाकडं केलं आणि कामाला लागला.

नवा दस्ता आला. काय पॉलिश! काय गोलाई! काकांनी उचलला, आणि तो पापडासारखा हलका. आतून पोकळ!

"हें काय?"

आसारी दुखावला. "पोकळ नको तर नाद कसा येणार?"

त्यानं टिचकी मारून ऐकवलं. नाद खरोखर छान होता. मला हसू आवरेना, काकांनी डोक्याला हात लावला.

*

खंडेनवमी आली तरी बंदूक बुटकीच. काका हळहळत होते. त्यांची थोरली बहीण, आमची आत्या, ओरत्तनाडूहून नवरात्राला आलेली. बारीकशी, वाकलेली, हातात काठी. पाटावर शस्त्रं मांडली होती. आमच्याकडे त्यांना बायकांनी हात लावायचा नाही. आत्यानं काठी भिंतीला टेकवली आणि सरळ बंदूक उचलली.

"अक्का! काय करतेस!"

आत्यानं दस्ता खांद्याला लावला. जराही इकडेतिकडे नाही. गाल लाकडावर, बोट घोड्यावर, एक डोळा मिटलेला. वाकलेली पाठ कुठे गेली कोण जाणे!

"बाबांनीं माझ्या मापाला कापली," ती म्हणाली. "माझ्या लग्नाआधीं. तूं रांगत होतास."

काका पांढरे पडले. "मज कुणीं सांगितलं नाही!"

"तूं दूधवाल्यास विचारलास. मज विचारलास?"

काका देवापुढे, नळीच्या समोरच उभे. "मग आतां मी काय करूं, अक्का?"

आत्याचा गाल लाकडावरून हलला नाही.

"बाजूस सर. नेम दिसत नाही."