‘बंद’ दाबलं की मिक्सर सुरू

“मॅडम, म्या ‘बंद’च दाबलं व्हतं.” कडूबा हे तिसऱ्यांदा सांगत होता. त्याचा उजवा हात अजून काखेत दाबलेला होता.

हात शाबूत होता, नशीब. गंगापूर रोडवरच्या पशुखाद्याच्या कारखान्यात नव्या टच स्क्रीनची चाचणी चालली होती. कडूबा तिथला ऑपरेटर. थांबलेल्या मिक्सरमध्ये पेंडीचा गोळा अडकला होता. तो काढायला हात घालण्याआधी, खात्री म्हणून, त्यानं नव्या स्क्रीनवर ‘बंद’ दाबलं आणि मिक्सर फिरायला लागला. हात आणि पाती यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

मालक शिंदेसाहेब माझ्याकडे बघत होते. स्क्रीनमागच्या छोट्या संगणक-बोर्डावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम बसवायचं काम माझं. स्क्रीनवर दिसणारी बटणं, म्हणजे ॲप, छावणी भागातल्या इम्रानभाईंचं. आमची दोघांची तोंडओळखही नव्हती. मधले सगळे निरोप शिंदेसाहेबांमार्फत.

“हे नीट झाल्याशिवाय मी स्क्रीनला हात लावणार नाय,” कडूबा म्हणाला. त्याचं चुकलं काहीच नव्हतं.

कारण लवकर सापडलं. टच स्क्रीन म्हणजे दोन वस्तू असतात: खाली चित्र दाखवणारा पडदा आणि वर बोट ओळखणारी काच. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, या काचेला आपणहून ओळखत नाही. ती कोणत्या तारांवर जोडली आहे, तिचा पत्ता काय, बोट लागलं की ती कोणत्या पिनवरून हाक मारते, हे सगळं एका फाइलीत लिहून द्यावं लागतं. तिला डिव्हाइस ट्री म्हणतात. लिहाल ते कर्नल निमूट खरं मानतो. ही नवी काच डावं-उजवं उलटं मोजत होती आणि ते फाइलीत नव्हतं. ‘चालू’ डावीकडे, ‘बंद’ उजवीकडे. म्हणून ‘बंद’वर टेकलेलं बोट ‘चालू’वर मोजलं जात होतं.

मी एक ओळ वाढवली: आडवी मोजणी उलटी धरावी. उस्मानपुऱ्यातल्या माझ्या टेबलावर तसाच बोर्ड, तशीच काच. बोट तिथं ठिपका. झकास.

कारखान्यात या वेळी मिक्सरचा पट्टा आधीच काढून ठेवायला लावला. ‘बंद’ दाबलं. मोटर सुरू.

“काय मॅडम, काय केलं मग तुम्ही?” शिंदेसाहेब म्हणाले. “तुमचं ते काढून टाका. पहिल्यासारखं करा.”

मला पटलं. ओळ घातल्यावर उलटं होतंय, तर काढल्यावर सरळ व्हायला हवं. काढली. पुन्हा येऊन ‘बंद’ दाबलं. मोटर सुरू.

आता मात्र डोकं चक्रावलं. ओळ घातली तरी उलटं, काढली तरी उलटं. म्हणजे ओळीचा परिणामच नाही? पण टेबलावर तर होत होता. मी केबल बदलली, काच बदलली, बोर्डसुद्धा बदलला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. शेवटी स्वतःचा डावा हात कोणता, हेही मी एकदा तपासून घेतलं.

वैतागून छावणी गाठली. इम्रानभाई टेबलाशीच होते. समोर तसाच बोर्ड.

“मॅडम, मेरे टेबल पे तो एकदम बराबर था,” ते म्हणाले.

“काय बराबर होतं?”

“शिंदेसाहब बोले उल्टा है, तो मैंने ॲप में पलटा दिया. आपको तकलीफ कायकू देना बोलके.”

“आणि नंतर?”

“नंतर बोले निकाल दो. निकाल दिया.”

मी खुर्चीत बसले. शिंदेसाहेब न्यायी माणूस. तक्रार दोघांना सारखीच सांगायचे, आणि ‘काढा’ हेही दोघांनाच. आम्ही दोघांनी उलटवलं, म्हणजे उलट्याचं पुन्हा उलट. दोघांनी काढलं, म्हणजे मूळचं उलटं जागेवर. इम्रानभाईंच्या बोर्डावर माझी ओळ नव्हती, माझ्या बोर्डावर त्यांचं ॲप नव्हतं. म्हणून आपापल्या टेबलावर दोघंही बरोबर.

“काच उलटी आहे, तर ते माझ्या फाइलीत, काचेच्या वर्णनातच लिहू,” मी म्हटलं. “तुम्ही काही करू नका.”

“कुछ भी नहीं?”

“काहीच नाही.”

“ये तो मुश्किल काम है, मॅडम,” ते हसून म्हणाले.

त्यांनी ते जमवलं. कारखान्यात ‘बंद’ दाबल्यावर मोटर बंद झाली, ‘चालू’वर चालू. दहा वेळा करून बघितलं, मग पट्टा चढवला. हार्डवेअरचा वाकडेपणा एकाच जागी लिहावा आणि ती जागा सगळ्यांना माहीत असावी, एवढं मी शिकले. भलेपणानं गुपचूप केलेली दुरुस्ती ही दुसऱ्याला चूकच असते.

कडूबानं मिक्सर चालवला, ‘बंद’ दाबलं. पाती थांबली. मग तो भिंतीपाशी गेला, मेन स्विच पाडला, आणि तेव्हाच आत हात घातला.

“कडूबाभाऊ, आता बरोबर आहे की ते.”

“व्हय, हाय ना बरोबर,” तो पेंड काढता काढता म्हणाला. “पण स्क्रीन तुमची हाय, मॅडम. हात माझा हाय.”